शेटच्या निळ्या हौदाचा हिशोब



शहापूरच्या आपल्या पट्ट्यात गेल्या पावसाळ्यापासून एकच विषय पाड्यापाड्यावर फिरतो आहे. मुंबईच्या शेटने जागा घेतली, बंगला बांधला, आता त्याला बंगल्यासमोर पोहायचा हौद पाहिजे. हौदाला पाणी पाहिजे म्हणून बोअर मारायची आहे. बोअर मारायची म्हणून ग्रामसभेचा ना-हरकत दाखला पाहिजे. आणि दाखल्याच्या बदल्यात पाड्याला काय? कुठे समाजमंदिरावर पत्रे टाकून देतो, कुठे गणपतीला मूर्ती देतो, कुठे पोरांना क्रिकेटचा सेट. दोनतीन पाड्यांवरच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले की यात संघटनेचे म्हणणे काय? देऊन टाकायचा का दाखला? शेवटी पाणी त्याच्या जागेतले, पैसा त्याचा, पोहणार तो. आपल्या बापाचे काय जाते?

म्हणून या अंकात आम्ही हौदाचा हिशोब मांडतो आहोत. हिशोब मोठ्याने वाचावा, कुणाला पटत नसेल तर त्याने तिथेच उभे राहून बोलावे.

आधी हौद म्हणजे केवढा ते बघू. आपल्यातल्याच गड्यांनी असे हौद खणलेत, त्यामुळे माप आपल्याला कुणी शिकवायला नको. साधारण बंगल्याचा हौद चाळीस फूट लांब, सोळा फूट रुंद. एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेसहा. सरासरी पाच फूट धरा. चाळीस गुणिले सोळा गुणिले पाच म्हणजे ३,२०० घनफूट. एका घनफुटात २८ लिटर पाणी मावते. म्हणजे एक हौद जवळजवळ ९० हजार लिटरचा.

९० हजार हा आकडा ऐकून डोळ्यासमोर काही येत नाही. हंड्यात मोजू. आपला हंडा पंधरा लिटरचा. हौदात मावतात सहा हजार हंडे. तीस घरांचा एक पाडा घ्या. एप्रिल-मे महिन्यात घराला सहा हंडे मिळाले तर बायका म्हणतात आज बरे झाले. तीस घरांचे १८० हंडे रोज. म्हणजे सगळा पाडा, पोराबाळांसकट, कोंबड्या-बकऱ्यांसकट, तेहतीस दिवस जेवढ्या पाण्यावर जगतो तेवढे पाणी एका हौदात उभे असते. पूर्वी सरकारी कागदावर खेड्यातल्या माणसाला रोजचे चाळीस लिटर ठरवलेले होते. घरात पाच माणसे धरली तर सहा हंड्यांत माणशी अठरा लिटर येतात. कागदावरच्या निम्मेसुद्धा नाही.

आता बायकांच्या पायांचा हिशोब. एका खेपेला डोक्यावर दोन हंडे. झऱ्यापर्यंत जाणे, रांगेत बसणे, वाटीवाटीने हंडा भरणे आणि परत येणे याला पाऊण तास धरू. (मे महिन्यात पाऊण तासात कोण येते, हे बायका हसून सांगतील. तरी शेटच्या बाजूने कमीच धरू.) सहा हजार हंड्यांच्या तीन हजार खेपा होतात. तीन हजार खेपांचे सव्वादोन हजार तास. एक बाई रोज आठ तास दुसरे काही न करता नुसते पाणी वाहत राहिली तर तिला दोनशे ऐंशी दिवस लागतील. शेटची मोटर तेवढे पाणी दोनचार दिवसांत चढवते. फरक तो आहे.

काही जण म्हणतात, हौद एकदा भरला की झाले, रोज थोडाच भरायचा असतो? तसे नाही. उघडे पाणी उन्हाने उडते. उन्हाळ्यात रोज अर्धा सेंटीमीटर तरी पाणी वाफ होऊन जाते. एवढ्या मोठ्या हौदावर ते रोजचे तीनशे लिटर होतात, म्हणजे वीस हंडे. तीन घरांचे रोजचे पाणी नुसते हवेत जाते. जानेवारीपासून मे अखेरपर्यंत पंचेचाळीस हजार लिटर, म्हणजे अर्धा हौद वाफेतच गेला. शिवाय हौदाच्या मोटरीजवळ वाळूची टाकी असते, पाणी तिच्यातून गाळून परत हौदात सोडतात. ती वाळू घाण झाली की उलटे पाणी सोडून धुवावी लागते, दर वेळी पाचशे ते हजार लिटर. ते धुवण जाते बांधावरून खाली, कुणाच्या तरी शेतात. त्यात क्लोरिन असते. विहिरीत टाकतात तीच पावडर, पण हौदात ती कायमची आणि जास्त.

एवढे करून शेट पोहतो किती? ही गोष्ट बंगल्यावर राखणीला असलेल्या आपल्याच माणसांना विचारावी. शनिवार-रविवार, तोही दर आठवड्याचा नाही. दिवाळीत चार दिवस, ३१ डिसेंबरला पाहुण्यांची झुंबड, मे महिन्यात पोरांना सुट्टी म्हणून आठ दिवस. पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी बाई म्हणते पाणी फार थंड आहे, तिसऱ्या वर्षी पोरे मोठी होतात नि त्यांना गोव्याला जायचे असते. पण हौदाला सुट्टी नाही. चार दिवस मोटर बंद ठेवली की पाणी हिरवे होते, आठ दिवसांत शेवाळ, मग डास. एक हॉर्सपॉवरची मोटर रोज सहा तास चालवली तरी साडेचार युनिट वीज जाते. तेवढ्या विजेवर साठ वॅटचा एक दिवा पंच्याहत्तर तास जळतो. आपल्या घरातला एक दिवा रोज चार तास लावला तर अठरा दिवसांची वीज हौद एका दिवसात पितो, आणि तेही पोहायला कुणी नसताना.

बरे, कंटाळा आला म्हणून हौद रिकामा करून ठेवावा तर तेही जमत नाही. भातखाचरांच्या जवळच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी वर येते. ते रिकाम्या हौदाला खालून उचलते नि तळ फुटतो. म्हणजे बांधला की कायम भरलेलाच ठेवा. कुत्रा पाळला तर तो निदान राखण करतो. हा हौद पाळायचा आणि याचीच राखण करायची. शेटच्या खिशाला हे परवडते की नाही ही त्याची गोष्ट. आम्हाला विचाराल तर एका डुबकीला एवढा खर्च कुठल्याच हिशोबात बसत नाही. पण शेटचा तोटा हा आपला मुद्दा नाही. त्याच्या तोट्यात आपले पाणी जाते, हा आपला मुद्दा आहे.

आता पाणी येते कुठून? आपल्याकडे शंभर इंच पाऊस पडतो. बाहेरचे लोक विचारतात, एवढा पाऊस पडून तुम्हाला टंचाई कशी? कारण खाली काळा पाषाण आहे. पाणी डोंगरावरून पडते, ओढ्याला जाते, ओढा नदीला, आणि दिवाळीपर्यंत सगळे निघून जाते. जमिनीत मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेवढेच. त्या भेगांतून झिरपून आपली विहीर मार्च-एप्रिलपर्यंत तग धरते, झरा मेपर्यंत ठिबकतो. दोनशे-अडीचशे फुटांची बोअर मारली की ती पाताळातून वेगळे पाणी आणते असा लोकांचा समज आहे. तसे नाही. पुष्कळदा ती त्याच भेगा खालून कापते. विहीर उन्हाळाभर पुरवून पुरवून जे पाणी देणार, ते बोअर जानेवारी-फेब्रुवारीतच ओढून घेते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक बोअरने प्रत्येक विहीर आटतेच असे नाही. भेगा कुठून कुठे जातात ते वरून दिसत नाही. एखाद्या ठिकाणी बोअर पन्नास पावलांवर असून विहिरीला काही होत नाही, आणि एखाद्या ठिकाणी दूरची बोअर विहीर कोरडी पाडते. म्हणून शेटचा माणूस ग्रामसभेत छाती ठोकून सांगतो, "काही होणार नाही, मी गॅरंटी देतो." त्याला एकच विचारावे: झाले तर काय? विहीर आटली तर तो टँकर मागवील, त्याचा हौद भरलेला राहील. आपण काय मागवणार? सरकारी टँकरची वाट बघणार. तो येणार तेव्हा येणार, विहिरीत ओतून जाणार, आणि बायका परत रात्रीच्या विहिरीवर झोपायला जाणार. सौदा त्याने करायचा आणि धोका आपण घ्यायचा, याला ना-हरकत कशी म्हणायची?

काही जुने साथी दुसरे बोलतात. त्यांचे म्हणणे असे की तानसा १८९२ साली बांधला तेव्हापासून या तालुक्याचे पाणी मुंबईला जाते. मग वैतरणा झाली, भातसा झाली. धरणाच्या काठावरच्या पाड्यावर नळ नाही आणि पाइपलाइन आपल्या डोक्यावरून जाते. एवढा समुद्र गेला तिथे एका हौदाचे काय रडता? बोलणे खोटे नाही. धरणांच्या पाण्यातला आपला वाटा मागायची लढाई आपण सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण दोन गोष्टींत फरक आहे. भातसाचे पाणी मुंबईत चाळीतली बाईही भरते, तीसुद्धा पहाटे चारला उठून नळावर रांग लावते. तिच्या कळशीशी आपले भांडण नाही. हौदातले पाणी कुणी पीत नाही, कुणी पिकाला देत नाही, त्यात मासासुद्धा जगत नाही. आणि दुसरे, धरण बांधताना आपल्याला कुणी विचारले नव्हते. हौदाच्या बोअरसाठी विचारत आहेत. जिथे विचारतात तिथे तरी तोंड उघडायचे की नाही?

आता पोरांचा मुद्दा, आणि तो खरा मुद्दा आहे. तरुण पोरे म्हणतात, बंगला आला म्हणून काम मिळाले. भिंत बांधायला, हौद खणायला, माती वाहायला महिनाभर रोज मिळाला. नाहीतर वीटभट्टीवरच जायचे ना? आम्ही त्यांना दोष देत नाही. दिवाळी झाली की कुटुंबे उचलून भट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते, पावसाळ्यात परत येताना हातात काही नसते. त्यापुढे घराजवळचा महिन्याचा रोज कुणाला वाईट वाटेल? पण महिन्यानंतर काय? हौद एकदाच खणतात. मग राहते एका नवराबायकोची राखण. गेटजवळची एक खोली, झाडांना पाणी घाला, हौदातली पाने काढा, ॲसिड आणि पावडर हातमोज्याशिवाय कालवा, शेट आले की कोंबडी कापा. पगार शेटच्या मर्जीवर, सुट्टी शेटच्या मर्जीवर. त्या राखणदाराच्या लहान पोरांना हौदात पाय घालायची बंदी असते. पण हौदाला कुंपण नसते, आणि आईबाप कामात असतात. ज्यांची माणसे अशा बंगल्यावर आहेत त्यांनी पहिली मागणी कुंपणाची करावी. त्यासाठी ग्रामसभा लागत नाही, पण संघटना बरोबर येईल.

आणि पुष्कळ ठिकाणी तो राखणदार कोण असतो? त्याच जमिनीचा जुना मालक. ज्या माळावर नाचणी-वरी होत होती, गवत होत होते, आंब्याची चार झाडे होती, तिथे आता तो दुसऱ्याची लॉन शिंपतो. जमीन गेली त्याला आम्ही नावे ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. कुणाच्या घरात आजारपण होते, कुणाच्या पोरीचे लगीन होते, कुणाला दलालाने कागदावर अंगठा कशाचा ते सांगितलेच नाही. पण कायदा काय आहे तो सगळ्यांना माहीत असू द्या. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला, गहाण टाकायला, बक्षीस द्यायला, पट्ट्याने द्यायला परवानगीशिवाय मनाई आहे. जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ. विक्री असेल तर कलेक्टरची परवानगी पाहिजे आणि त्याला सरकारची मंजुरी पाहिजे. त्याआधीच्या, म्हणजे १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधल्या व्यवहारांसाठी जमीन परत करण्याचा वेगळा कायदा आहे. म्हणून हौदाचा अर्ज आला की पहिला प्रश्न पाण्याचा विचारू नका, जमिनीचा विचारा. सातबारा दाखव. फेरफार दाखव. आधीचा मालक कोण? परवानगीचा आदेश कुठे आहे? सातबाऱ्यावर शेती आहे आणि जागेवर बंगला आहे, मग बिनशेती कधी झाली? शेतघर म्हणून बांधले असेल तर कायद्यात शेतघर म्हणजे पीक, अवजारे, जनावरे ठेवायला आणि शेत करणाऱ्याला राहायला बांधलेले घर. पोहायच्या हौदात कुठले अवजार ठेवतात?

हे प्रश्न विचारले की निम्मे अर्ज परत जातात, हा आपला अनुभव.

पाण्याचाही कायदा आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा पूर्वीचा १९९३ चा कायदा सांगत होता की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येणार नाही. ही परवानगी ग्रामपंचायतीच्या दाखल्याने मिळत नव्हती, ती कलेक्टरकडून घ्यावी लागत होती. टंचाई जाहीर झाली तर एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींतून उपसा करण्यावरही त्या कायद्याने बंधन घालता येत होते. पण गाडी रात्री येते, सकाळपर्यंत बोअर झालेली असते, आणि मग म्हणतात "आता झाली ती झाली". ती होण्याआधी पकडावी लागते. आणि शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पेसा कायदा आपल्याला लागू आहे, राज्याने १९९७ साली ग्रामपंचायतीच्या कायद्यात तसे बदल केले. जमीन हातची जाऊ न देणे आणि गावातले लहान पाणीसाठे सांभाळणे हे त्यात आले आहे. अधिकारी हे आपण होऊन सांगणार नाहीत.

आता कुणी म्हणेल, संघटनेला पोहण्याचेच वावडे आहे. आपली पोरे चालायच्या आधी पोहायला शिकतात, कोंडीत उड्या मारतात, त्यांना कोण अडवतो? शेटलाही पोहू द्या. आमची एकच अट आहे. शेटच्या बंगल्याचे छप्पर दोन हजार चौरस फुटांचे असेल तर शंभर इंच पावसात त्यावर साडेचार लाख लिटरच्या वर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी पावणेचार लाख उरते. म्हणजे चार हौद. ते त्याने पन्हळ लावून धरावे. हौद भरावा, आणि उन्हाळ्यात उडणारे पाणी भरून काढायला शेजारी तेवढीच दुसरी बंद टाकी बांधावी. बोअर नको, विहीर नको, टँकरही नको, कारण टँकर कुठल्या तरी दुसऱ्या पाड्याच्या विहिरीवरच भरतो. असे करणारा शेट भेटला तर त्याला दाखला द्यायला आमची हरकत नाही. अजून भेटलेला नाही. आकाशातले पाणी साठवायचे म्हटले की त्यांना खर्च फार वाटतो.

हाच हिशोब आपल्या शाळेच्या छपराला लावा. सहाशे चौरस फुटांच्या छपरावरून लाखभर लिटर पाणी पावसाळ्यात वाहून जाते. सगळे धरता येणार नाही, पण दहा हजार लिटरची बंद टाकी पोरांना प्यायला उन्हाळ्यात किती दिवस पुरेल ते मास्तरांनी पोरांकडूनच गणित करून घ्यावे. टाकी, विहिरीचा गाळ, नाल्यावरचे बांध, मजगीची कामे, यांतली जी रोजगार हमीत बसतात ती लेखी मागा. १९७७ चा कायदा आहे, काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावे लागते. हौद खणून मिळणाऱ्या रोजाला हे उत्तर आहे. ते मागून मागून मिळवावे लागते, आयते येत नाही, हे पोरांपासून लपवण्यात अर्थ नाही.

१ मेच्या ग्रामसभेत बहुतेक ठिकाणी हे अर्ज येणार आहेत. त्याआधी प्रत्येक पाड्यावर दोन जणांनी, त्यात एक बाई असावी, लांब दोर घेऊन सार्वजनिक विहिरीपासून बोअरच्या खुणेपर्यंत मोजून ठेवावे. विहिरीचे पाणी आज किती हात आहे ते तारखेसह वहीत लिहावे, आणि दर आठ दिवसांनी लिहीत जावे. पुढे भांडायची वेळ आली तर ही वही लागेल. ग्रामसभेत ठराव तोंडी होऊ देऊ नका. ग्रामसेवकाला जागेवर लिहायला लावा, वाचून दाखवायला लावा, मगच अंगठा. आधीच कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या असतील तर तसे सांगणारा अर्ज तहसीलदाराकडे द्या आणि पोच घ्या. नमुना संघटनेच्या ऑफिसात आहे, बाजाराच्या दिवशी येऊन घेऊन जावा. ज्या पाड्यांनी पत्रे आधीच घेतलेत त्यांनी लाजून घरी बसू नये. पत्रे म्हणजे दाखला नव्हे. ग्रामसभेला या आणि विहीर मोजून या.